अकरा वीसची चूक

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पोचलो! चष्म्याच्या दुकानाला सलग तीन दिवस कुलूप, असं गेल्या नऊ वर्षांत झालेलं नाही. कुलूप ओढून बघायला हे दोनदा परत गेले. "अहो, तीन दिवसांत गिऱ्हाइकं आंधळी होत नाहीत," म्हटलं, तेव्हा कुठे गाडीत बसले.

नणंदबाई पुढे. म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. मांडीवर नकाशा पसरलेला. फोनमधली बाई डावीकडे म्हणाली की ताई हटकून उजवीकडे म्हणणार. तरी पोचलो!

तळ्याकाठचं भाड्याचं घर. दोन खोल्या, एक लांब ओसरी. हे पलंगावर बसले आणि जाहीर केलं, "गऊ मादी आहे!" म्हणजे मऊ गादी. ताई हसून हसून खोकायला लागली. चार-पाच वर्षं झाली ह्यांच्या या खेळाला. दोन शब्दांची पहिली अक्षरं उचलायची आणि अदलाबदल करायची. गरम पाण्याचं परम गाणी. दुकानात तर काही लोक नुसतं ऐकायला येतात. मी दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, आणि घरी हा माणूस! कपाळाला हात लावते आणि हसते. दरवेळी हसते.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी

धुकं उठताना पाहिलं. आधी तळं नव्हतंच, नुसतं पांढरं. मग एकाएकी पाणी, पलीकडचा डोंगर, आणि तोच डोंगर पाण्यात उलटा! कुणी बोललं नाही, ताईसुद्धा. मग हे म्हणाले, "वार गारा." गार वारा! झालं, समाधी खलास.

साडेअकराला होडी सांगितलीय. बाकी संध्याकाळी लिहीन.

रविवार, १६ नोव्हेंबर

होडी नाही. तळं नाही. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर बाकावर बसलेय. क्रमाने लिही बाई, क्रमाने.

होडीवाला वेळेचा पक्का, म्हणून माझं लक्ष घड्याळाकडे. अकरा वीस. हे ओसरीवर बसले होते, पाय ओले. म्हणाले, "तो पूल दे." बोट टॉवेलकडे. आम्ही हसलो. ताई म्हणाली, "घे रे बाबा पूल, वरून गाडी नको नेऊस!" हे परत, "पूल गं. उद्याचा पूल." आम्ही आणखी हसलो. देवा, आम्ही हसलो! दहा मिनिटं तरी नुसतं टोलवत बसलो. मग चिडून ह्यांनी स्वतःच हात पुढे केला, आणि तो उजवा हात मांडीवरून उठेचना. तोंड एका बाजूला उतरलेलं.

गाडी ताईने चालवली. सदुसष्टाव्या वर्षी, घाटातून, नकाशा न उघडता! मी मागे ह्यांचं डोकं धरून बसलेली. हे डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होते आणि काहीतरी सांगत होते, त्यातला एक शब्द कळेल तर शपथ.

पावणेदोनला पोचलो. डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. स्कॅन काढला आणि बाहेर आली. म्हणाली, "मेंदूत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. नक्की कधी सुरू झालं? अंदाज नको."

ताई म्हणाली, "सकाळपासूनच! सव्वासातला उलटंसुलटं बोलत होता. वार गारा म्हणाला!"

डॉक्टरिणीने घड्याळ बघितलं. तिचा चेहरा पडला. सव्वासात म्हणजे सात तास होत आले. म्हणजे इंजेक्शन नाही. म्हणजे हे असेच राहणार.

"नाही," मी म्हटलं. "तो विनोद होता."

"अगं, विनोद कुठला नि आजार कुठला, तुला काय ठाऊक?"

मला नाही तर कुणाला ठाऊक! छापखान्यात हाताने अक्षरांचे खिळे जुळवणारे होते, तेव्हा मी चुकीवरून माणूस ओळखायचे. एक वेलांट्या गिळायचा, दुसरा तीच ओळ दोनदा लावायचा. चुकीलाही चाल असते. ह्यांच्या विनोदात अक्षरं जागा सोडतात, पण हरवत नाहीत. परत जागेवर ठेवली की शब्द अख्खा. 'वार गारा'तून गार वारा निघतो. 'पूल'मधून टॉवेल काढून दाखवा! कुठून काढणार?

हे सगळं एका दमात बोलले. आणि त्या मुलीने ऐकून घेतलं! उडवून लावलं नाही. म्हणाली, "त्या दोन्हींच्या मध्ये काय काय बोलले?" मी आठवत गेले. न्याहारीला पाव मागितला, सरळ. दोन्ही हातांनी खुर्ची उचलून ओसरीवर आणली. पावणेअकराला 'जुने मोजे' शोधत होते, 'मुने जोजे' म्हणत. अक्षर न् अक्षर हजर. तोवर हे माझेच होते.

"अकरा वीस लिहू?"

"लिहा."

सही केली. ताई भिंतीकडे तोंड करून उभी. माझं चुकलं असतं तर ह्यांना मीच मारलं असतं. आयुष्यभर चुका दुरुस्त केल्या, पण त्या कागदावरच्या.

अडीचला इंजेक्शन. सव्वातीनला ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. नुसता अंगठा! मी तो हलताना पाहिला. कालचं तळं काहीच नव्हे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

डॉक्टरिणीने मेंदूचे फोटो दाखवले. काळ्यावर पांढऱ्या बारीक रेघा, पानं झडलेल्या झाडासारख्या. आधीच्या फोटोत एक फांदी मध्येच तुटलेली, नंतरच्या फोटोत तीच फांदी पार टोकापर्यंत गेलेली. मी वेड्यासारखी बघतच राहिले. बत्तीस वर्षं या डोक्याशी संसार केला, त्याच्या आत असलं काही आहे याचा पत्ता नव्हता! नखाएवढी जागा उपाशी राहिली आणि टॉवेल गेला, चहा गेला, माझं नाव गेलं.

दुसरीकडे एक जुना व्रण दिसतोय म्हणे, बारीकसा. "चार-पाच वर्षांपूर्वी छोटा झटका येऊन गेला असणार. तेव्हा काही जाणवलं होतं?" काहीच नाही. एक दिवस दुकान बंद नव्हतं, साधी डोकेदुखीची तक्रार नव्हती. तसं सांगितलं. तिने लिहून घेतलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

झोपले. हेही, मीही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते कुणाला सांगून पटणार नाही. वाचा सुधारायला एक बाई येतात, शांत, जाड चष्म्याच्या. त्यांनी ह्यांना नाव विचारलं. हे घाम फुटेपर्यंत झटले, नाव येईना. मग बाई म्हणाल्या, "बे एके?" आणि हे सुटले! बे एके बे, बे दुणे चार, पार बे दाहे वीसपर्यंत, न अडखळता! संपल्यावर स्वतःच दचकले. बाई म्हणाल्या, पाढे, मोजणी, शिव्या कधीकधी मेंदूतल्या वेगळ्या वाटेने येतात, म्हणून शाबूत राहतात.

शिव्यांचंही खरं निघालं. दुपारी गरम चहा हातावर सांडला. "च्यायला!" अगदी खणखणीत! पाच दिवसांतला पहिला स्वतःचा शब्द! मी रडले, ताईने टाळ्या वाजवल्या, नर्स धावत आली. असल्या शब्दाचा एवढा सत्कार कुठे झाला नसेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वाचाबाईंनी अक्षरांचा तक्ता टांगला. ज्या माणसाने हजारो लोकांना "तिसरी ओळ वाचा" म्हणून सांगितलं, तोच आज खुर्चीत बसून "क... क..." करत होता. मला बघवेना, बाहेर गेले.

बाहेर ताई. म्हणाली, "मी त्या दिवशी सव्वासातवरच अडून बसले असते तर गं?"

"अडून बसलाच होतात," मी म्हटलं. दोघी हसलो, आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडली! एवढी खमकी बाई. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिचं चुकलं, माझं बरोबर आलं, याचा थोडा ताठा आहेच मला. इथे लिहिते, बाहेर नाही.

आत आले तेव्हा हे तिसऱ्या ओळीवर होते.

गुरुवार, ४ डिसेंबर

घरी येऊन आठवडा झाला. रोज चार-पाच शब्द परत येतात. काल 'टॉवेल' आला. परवा माझं नाव आलं, तेही हाक मारायला म्हणून नाही. मी जवळच बसले होते. नुसतं घेऊन बघितलं, आहे ना म्हणून. दोनदा. मी तिकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर बुजले असते.

पण खेळ बंद. जे बोलतात ते सरळ, सावकाश, शब्द चाचपून. मला करमत नाही! आज मीच म्हटलं, "आंघोळीला परम गाणी काढू?" हसतील असं वाटलं होतं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मान खाली घातली. अजून थकवा असेल.

शनिवार, १३ डिसेंबर

दुपारी स्वतःहून बोलायला बसले. शब्द एकेक करून ठेवत.

"तो खेळ... खेळ नव्हता. दुकानात... जाड काच म्हणायला गेलो. काड जाच आलं. घाबरलो. तू तिथेच... हसलीस. गिऱ्हाईकही हसलं." मग, "पुढे चुकलं की... मुद्दाम केलं असं दाखवायचो."

पाच वर्षं! आणि मी त्या मुलीला छातीठोकपणे सांगितलं, विनोद होता म्हणून.

"अहो, मला सांगितलं का नाहीत?"

"तू हसायचीस ना," म्हणाले.