आणखी एक ‘किंवा’

बाबा, आज पुन्हा तुमच्यावर चिडले. ऑफिसात साहेबांनी “बदलापूर आणि उल्हासनगरच्या ग्राहकांच्या बिलांची बेरीज काढा” म्हणून सांगितलं आणि मला तुमचीच आठवण झाली.

अंबरनाथच्या कारखान्यात तुम्ही टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीच्या कामावर होतात. ॲसिड खात्यातल्यांना आणि रात्रपाळीवाल्यांना रोज दूध मिळायचं, ते किती मागवायचं हे तुमच्याकडे. नव्वदच्या पुढेमागे तिथे कॉम्प्युटर आला, चालवणारं कोणी नव्हतं, म्हणून उल्हासनगरला क्लासला जाणाऱ्या मला तुम्ही सोबत नेलंत. नाव, खातं, पाळी, दूध, सगळे रकाने मी भरले. “ॲसिडवाल्यांचं आणि रात्रपाळीचं मिळून किती?” तुम्ही म्हणालात ‘आणि’, मी फॉर्म्युल्यात घातलं ‘आणि’. बेरीज आली चिमूटभर, कारण ॲसिडमध्ये असून रात्रपाळीही करणारे तेवढेच धरले गेले. तुम्ही वैतागून विचारलंत, ह्याला मराठी कळत नाही का? अहो, तुम्ही ‘किंवा’ म्हणायला हवं होतं! मग मी दोन बेरजा वेगळ्या काढून जोडल्या, तर दोन्हीकडचे लोक दोनदा मोजले गेले, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, एकेकाला दोन पोटं देतेस का. शेवटी दोनदा आलेल्यांचं दूध एकदा वजा केलं, तेव्हा कुठे जमलं. शाबासकीचं नाव नको. नुसतं ‘हं’.

तेवढ्यात मला ठसका लागला. तुमच्या टेबलामागची खिडकी थेट ॲसिडच्या शेडवर उघडायची. हाच वास तुमच्या शर्टांना यायचा, आई धुताना नाक मुरडायची, आणि रात्रभर तुम्ही खोकत असायचात. मी म्हटलं, बाबा, आणखी एक ‘किंवा’ घालते, टाइम ऑफिसचा. तुम्ही चष्मा पुसत राहिलात.

“दूध खात्यावर मिळतं, खिडकीवर नाही. खोड ते.”

खोडलं. तुमच्या हट्टापुढे कोणाचं काय चाललंय? त्या खोकल्याने पुढे तुमचे किती हाल केले, ते आईने आणि मी पाहिलं. पेलाभर दुधाने तुम्ही वाचला असतात असं मी म्हणत नाही, तेवढी वेडी नाही मी. पण साहेबांकडे एकदा तोंड उघडायला काय जात होतं तुमचं? दुसऱ्यांसाठी भांडायचात, स्वतःची वेळ आली की नियम. ह्याचा राग अजून जात नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे, म्हणून इथेच थांबते. एक मात्र सांगते. आजची बेरीज पहिल्याच फटक्यात बरोबर आली होती. तरी मी शेवटी एक ‘किंवा’ जोडून तुमचं नाव घातलं. त्या यादीत तुम्ही नाहीतच, म्हणून बेरीज काही बदलली नाही, आणि तो ‘किंवा’ मी तसाच राहू दिला.