वास्तू तथास्तु म्हणते ती वेळ

गुरुजी, तुमचं बाकी काही चुकलं नव्हतं, वेळ तेवढी चुकली होती. दिवसभर सगळे मिठागरावर, म्हणजे माणसं घरी सापडणार ती दिवेलागणीला, असा तुमचा सरळ हिशेब. संध्याकाळच्या कविता तुम्ही आम्हाला चालीवर शिकवल्यात. त्यांतली सांज फार मऊ असायची. आमच्या अंगणातली तशी नव्हती. मी तेव्हा शाळा सोडून बाबांबरोबर आगरावर जाऊ लागलो होतो. अजून दिसतं: खाडीपलीकडे सूर्य बुडालाय, मिठाच्या राशी तांबूस झाल्यात, आई तुळशीपुढे दिवा ठेवतेय आणि तुम्ही ओट्यावर बसून बाबांना आजारपणाचा फंड समजावताय. सुगीनंतर घरटी पायलीभर भात शाळेच्या कणगीत टाकायचं. ज्याच्या घरी दुखणं येईल त्याच्या औषधाचा, मुंबईला नेण्याचा खर्च त्यातून. "समजा, उद्या तुम्हीच आजारी पडलात," तुम्ही म्हणालात.

आईने पदर डोईवर ओढला. "गुरुजी, दिवा लागलाय. असल्या येलेला आजाराचं नाव काढू नका. वास्तू तथास्तु बोलते."

बाबा हसले. "हिची वास्तू वाईटच ऐकते. मी कवाधरनं कौलारू घर मागतोय, त्याला कधी तथास्तु बोलली न्हाय." पण आईचा चेहरा बघून त्यांनी विषय सोडला.

त्याच आठवड्यात, ज्यांनी पहिलं भात घातलं होतं त्यांची सून तापाने फणफणली. तेवढं पुरलं. विहिरीवर एकच बोलणं, "भात घातलं नि तापाला घर गावलं." कोणी भर घातली, मुंबईला नेऊन माणूस फाडून बघतात, म्हणून तर फुकट नेतात. बायका आल्या, आपापलं भात मापून घेऊन गेल्या. तुम्ही कणगीला हात लावून उभे होतात. एकीलाही अडवलं नाहीत.

पुढे खाडीत कालवाच्या धारदार शिंपल्याने बाबांची टाच कापली. आगरातल्या पाण्याने पाय सुजला. भात घातलेलं नसलं तरी फंडातून नेता आलं असतं, असं तुम्ही म्हणालात. पण कणगीत दाणा नव्हता. पैशांची जुळवाजुळव करून मुंबईला जाणारी रेवसची लाँच गाठली, तोवर विष मांडीपर्यंत चढलं होतं. मुंबईचा धक्का दिसायच्या आत बाबा गेले.

दुसऱ्या सुगीला तुम्ही पुन्हा घरोघर निघालात, पण सकाळी. आणि बोलणंही बदललंत. "तुम्ही वर्षभर धडधाकट राहाल, तुमचं भात शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल." आता वास्तूने खुशाल तथास्तु म्हणावं. आई उठली, पायली शिगोशीग भरून तुमच्या पोत्यात ओतली. मग पुन्हा भरली. "ही ह्यांच्या नावाची," एवढंच म्हणाली.

परवा नातू माझा आरोग्य विमा काढायला बसला. मोबाइलमध्ये बघत विचारू लागला, "आजोबा, कोणकोणते आजार आहेत तुम्हाला?" देवापुढे दिवा नुकताच लागला होता. सगळं ठाऊक असूनही मी म्हटलं, "सकाळी विचार."

हे पत्र कुठे टाकणार, गुरुजी? पण बाबांच्या जाण्याचं लिहायचं होतं, म्हणून तेही मी सकाळीच लिहायला घेतलं.