मास्तर हो म्हणतो

४ फेब्रुवारी, मंगळवार

फिनेल! मतिमंदांच्या वसतिगृहाच्या फाटकातच नाकात गेलं. म्हणजे आम्ही येणार हे यांना कालच कळलेलं. आणि म्हणे अचानक तपासणी! खाटांवरच्या चादरी इतक्या कोऱ्या, की घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. एक उचलून पाहिली. खाली रेक्झिनची गादी, चिरलेली, मुताचा वास.

गेल्या आठवड्यात इथला पिल्लू गेला. वय तीस, समज चार वर्षांच्या पोराची. सकाळी खाटेवर मेलेला सापडला. मॅडम — संस्था त्यांचीच — म्हणतात, "झटका आला हो. त्याला यायचेच." मग दोन्ही मनगटांवर वळ कसले? "घड्याळाचा पट्टा घट्ट लावायचा." दोन्ही हातांत? मी म्हटलं, वेळेचा फारच पक्का होता वाटतं! मॅडमनी अशी काही नजर टाकली, की माझा चहा आपोआप गार झाला.

रात्रपाळीला काका असतो. सगळे त्याला काकाच म्हणतात. पन्नाशीचा, चापूनचोपून भांग, आवाज मऊ. वाईट माणूस वाईट दिसत नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळायला हवं होतं, पण दर वेळी फसते. तो खोलीत आला आणि डुलणारे सगळे डुलायचे थांबले. एकजात. पंख्याचं बटण बंद करावं तसे.

पिल्लूच्या खोलीत दुसरी खाट मास्तरची. चाळिशीचा धिप्पाड गडी. खिशाला पेन लावतो म्हणून मास्तर, असं मॅडम म्हणाल्या. लिहिता येत नाही. त्याच्याही मनगटांवर वळ — जुने, काळे पडलेले. पाहिलं आणि डोकंच फिरलं. जागच्या जागी आदेश काढला: सुनावणी होईपर्यंत याला सरकारी दवाखान्यात ठेवायचं. "न्या की," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे एकेका खाटेसाठी रांग आहे."

५ फेब्रुवारी, बुधवार

साहेब (माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, पण साहेब ते साहेब) म्हणाले, "बाई, साक्षीदार कोण?"

मास्तर.

"बोलतो?"

"हो" म्हणतो.

"आणि?"

आणि काही नाही.

साहेबांनी डोकं धरलं. शवविच्छेदनात फक्त 'श्वास कोंडला' एवढंच आहे, आणि झटक्यातही तसं होतं म्हणे. वळांवर एक ओळ. वीस तारखेला समितीपुढे सुनावणी. माझी तक्रार फेटाळली गेली, की मास्तर परत त्याच खोलीत, त्याच काकाच्या ताब्यात! तपासाच्या वेळी बोललेला माणूस परत आत गेला की त्याचं काय होतं, ते मी पाहिलंय. ते इथेसुद्धा लिहायचं नाही मला.

नदीपलीकडच्या छोट्या घरात एक जागा रिकामी आहे. एक जोडपं चालवतं. चार माणसं, दारं उघडी, सगळ्यांचं जेवण एकत्र. त्यांना फोन केला, महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवा म्हटलं. मास्तर तिथेच जाईल. नाहीतर मी नाव लावणार नाही!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळभर दवाखान्यात मास्तरचा जबाब.

पिल्लू पडला का? "हो." पिल्लूला कोणी बांधलं का? "हो." काकांनी? "हो." मॅडमनी? "हो." मी? "हो." मास्तर, मी हत्ती आहे का? "हो."

वॉर्डातली सिस्टर फिस्सकन हसली. "बाई, एक तरी उत्तर बरोबर आलं." आगाऊ आहे! पण मास्तरचे केस तिने स्वतः विंचरून दिले होते, म्हणून सोडून दिलं.

'हो' म्हटलं की समोरचा माणूस निघून जातो — आयुष्यात एवढंच शिकलाय तो. 'नाही' म्हटल्यावर काय होतं, तेही शिकलाच असणार. परतताना रिक्षात रडले. संताप झाला की मला रडू येतं. ऑफिसात कोणाला ठाऊक नाही ते बरं आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

यांच्यावर ओरडले. भाजी करपली म्हणून. ती मीच करपवली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टरचा फोन — "बाई, असाल तशा या!" धापा टाकत गेले. वाटलं, मास्तर पडला की काय. तर वॉर्डात हशा पिकलेला! मास्तर हात पाठीमागे बांधून खाटेखाटेशी थांबतोय, भुवया वर करून विचारतोय, "काय म्हणतोय ताप?" हुबेहूब मोठे डॉक्टर! मान वाकडी, बोटाने चष्मा वर सरकवणंसुद्धा — आणि याला चष्मा नाहीच.

ज्याला दोन शब्द धड जुळवता येत नाहीत, तो अख्खा माणूस उचलतो. मी कसले मूर्खासारखे प्रश्न विचारत बसलेय आठवडाभर! विचारायचं नाही. करून दाखव म्हणायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मनगट अजून दुखतंय. अक्षर बघा!

वॉर्डाच्या बाजूची खोली. सिस्टरच्या हातात माझा मोबाइल, चित्रण चालू. म्हटलं, मास्तर, आता तू काका. मी पिल्लू. आणि खाटेवर आडवी झाले. दोन्ही गुडघे कडाकडा वाजले.

तो क्षणभर नुसता उभा राहिला. मग चेहराच बदलला. ओठ सैल पडले, मान तिरकी झाली. "झोपायचं ना, शहाण्या?" तोच मऊ आवाज! त्याने बँडेजची गुंडाळी उचलली, माझ्या मनगटाला वेढे दिले, खाटेच्या दांडीखालून घेतली, गाठ मारली. मग दुसरा हात. कुठे अडखळला नाही, कुठे थांबला नाही. "गप. आवाज नाही." मग चादर माझ्या तोंडावरून ओढली आणि दोन्हीकडच्या कडा गादीखाली खोचल्या. घट्ट.

मास्तर, पुरे, म्हटलं मी. त्याने ऐकलं नाही. का ऐकेल? मी पिल्लू होते ना. मग ओरडले. चांगली किंचाळले. सिस्टर धावली. गाठ सुटेना, शेवटी कात्रीने कापली.

उठून बसले, घाम पुसला आणि हसायला लागले. सापडला काका! मास्तरला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी चित्रण पाहिलं, परत पाहिलं. "बाई, मानलं तुम्हाला." काकाला आजपासून निलंबित केलं. ऑफिसात मला बघून लोक खुर्च्या देतायत. एरवी बाई आली म्हटलं की चहाला पळतात.

यांनाही दाखवलं. चादर तोंडावर आली तिथे हे उठून बाहेरच गेले. मग परत येऊन ओरडले, "तुला काही झालं असतं म्हणजे?" इतक्या वर्षांच्या संसारात हे आवाज चढवून बोलले नव्हते. मी म्हटलं, अहो, सिस्टर होती ना. म्हणाले, "पिल्लूपाशी कोण होतं?"



२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहायची इच्छा नाही. लिहिते.

समितीत तिघं. मध्ये अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. मास्तर सिस्टरशेजारी बसलेला, नवा शर्ट, खिशाला पेन. मागे मॅडम आणि काका. चित्रण लावलं.

मग संस्थेचा वकील उठला. पोरगेलासा. वाटलं, चित्रण खोटं म्हणेल. तर म्हणाला, "शंभर टक्के खरं आहे. आम्हाला मान्य! बाईंना एकच विचारतो. हे सगळं तो बघून शिकला, की करून? एवढी सफाईदार गाठ नुसती बघून येते?"

विचारच केला नव्हता मी! इतकी बिनडोक कशी मी?

अध्यक्षांनी मास्तरला पुढे बोलावलं. "पिल्लूला तू बांधलंस?"

"हो."

"तोंडावर चादर तू घातलीस?"

"हो."

मी ताडकन उठले. अहो साहेब, हा सगळ्यालाच हो म्हणतो! विचारा त्याला, मी बांधलं का ते विचारा!

अध्यक्षांनी विचारलं, "या बाईंनी बांधलं का?"

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. हसला, घरचं माणूस दिसल्यावर हसतो तसा. म्हणाला, "नाही."

पहिलंच 'नाही'. माझ्यासाठी!

मॅडम लगेच उभ्या. हा माणूस धोकादायक आहे, आम्ही त्याला परत घेणार नाही! अध्यक्ष म्हणाले, लेखी द्या. मॅडमनी तिथल्या तिथे सही करून दिलं. निकाल पुढच्या आठवड्यात.

काका शेवटपर्यंत मास्तरकडे बघत होता. मायेने म्हणावं असं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज खेळ उलटा मांडला. मोबाइल मुद्दाम पिशवीत ठेवला. सिस्टरलाही बाहेर पाठवलं. खाटेवर उशी ठेवली — हा पिल्लू. मी काका. आणि तू मास्तर.

त्याने आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मनगटाला मनगट लावून. मी काहीच करेना, तर तसाच उभा, वाट बघत. मग मी बँडेज त्याच्या हातात दिलं. केवढा खुलला! उशीला बांधलं, चादर ओढली, कडा खोचल्या. मग माझ्यासमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. का, ते मला कळेना. शेवटी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाबास म्हटलं.

"मास्तर शाबास," तो म्हणाला. आणि निवांत खाली बसला.

म्हणजे असं. जो बांधतो, त्याला बांधत नाहीत. काका झोपायला जाणार आणि हा सगळ्यांना बांधत फिरणार. म्हणून मास्तर! याचे वळ जुने आहेत, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. नुसतं दिसलं होतं.

विचारलं, पिल्लू कुठाय?

"झोपला. शहाणा."

घरी आले, तोंड धुतलं. परत धुतलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेब खुशीत. आतली बातमी आहे म्हणे: काकावर गुन्हा दाखल होणार, संस्थेची मान्यता रद्द होणार. "जिंकलो, बाई!"

आणि मास्तर?

"तो मनोरुग्णांच्या बंद वॉर्डात. कायमचा. दुसरं काय करणार? त्याच्या हातून माणूस मेलाय."

शुक्रवारचा उलटा खेळ सांगितला. साहेबांनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, "समिती त्याला विचारेल, काकांनी सांगितलं? तो म्हणेल, हो. मॅडमनी? हो. बाईंनी? नाही. पुढे काय?" बरोबर आहे त्यांचं. "सगळं त्या चित्रणावर उभं आहे. काका त्याच्यावरच जातो, मास्तरही त्याच्यावरच जातो. एक ठेवून दुसरा काढता येणार नाही."

येताना बंद वॉर्ड बघून आले. स्वच्छ आहे. खाटांना कातडी पट्टे, चकचकीत बकलं. पहारेकरी कौतुकाने दाखवत होता, "आमच्याकडे चिंध्या-बिंध्या नाहीत, सगळं नियमाने." मी पट्टा हातात घेतला. जड असतो.

छोट्या घराचा फोन आला होता. शुक्रवारपर्यंतच जागा धरतील.

यांनी जेवायला वाढलं. म्हणाले, "काय करणार आहेस?" म्हटलं, काय करणार, झोपणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

समितीला लिहून दिलं. गाठ मीच शिकवली. चादर कशी खोचायची, तेही मीच, काकाच्या आवाजासकट. खेळात पिल्लू मी होते, म्हणून तो 'हो' म्हणाला. सगळा बनाव माझा. साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडे न बघता फाइल मिटली. चित्रण बाद. तक्रार बाद. माझं निलंबन संध्याकाळी हातात पडेल. मॅडम मास्तरला परत मागू शकत नाहीत, सही करून बसल्यात.

मास्तर उद्या छोट्या घरी जाईल. काका उद्यापासून कामावर.