गाळलेली दोन वाक्यं

सोमवार, ४ ऑगस्ट

माफ कर. अकरा महिने तुला उघडलं नाही. कारण असं काही नव्हतं. दिवसभर सभागृहात दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं की घरी येऊन स्वतःचं लिहायला हात वळत नाही. आज वळला.

तुइलागो गेले. सकाळी रेडिओवर चर्चमधली गाणी लागली ती थांबेचनात. तेव्हाच कळलं.

सत्तावीस वर्षं पंतप्रधान होते. मी तेरा वर्षांची असताना आले आणि चाळिशीची झाले तेव्हा निवडणूक हरून घरी गेले. मधलं माझं सगळं आयुष्य त्यांच्या राज्यात. मी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारची लीटा म्हणाली, "अगं, मागच्या वेळी तूच त्यांच्या विरोधात मत दिलंस ना?" दिलं होतं. तरी रडले.

त्यांच्या आधी इथल्या मुली शिकायला बाहेर जात नसत. पहिल्या सहाजणी गेलो, त्यांत मी होते. विमानाच्या शिडीपाशी उभे राहून त्यांनी प्रत्येकीला एकेक लोकरीचा स्वेटर दिला. "तिकडे थंडी असते, पोरी. थंडीनं रडू नका, घरच्या आठवणीनं रडा." तो स्वेटर अजून कपाटात आहे. कोपरात विरलाय.

अध्यक्षबाईंनी दुपारी बोलावलं. अंत्यविधीच्या दिवशी वाटायला पुस्तिका हवी — सभागृहातली त्यांची निवडक भाषणं. "तुझ्याइतकं त्यांचं बोलणं कोणी उतरवलंय, फेतू?"

कोणी नाही. तेच तर.

मंगळवार, ५ ऑगस्ट

संध्याकाळी सालेआला, गावी, घरी. गावच्या सभाघरात सगळी वडीलधारी मंडळी बसली होती. अंत्यविधीला गावातर्फे काय न्यायचं, हा विषय. पण विषय सोडून बाकी सगळं चाललं होतं.

"त्यानं वीज आणली."

"आणि बिलही त्यानंच आणलं."

"म्हाताऱ्यांना पेन्शन कोणी दिली? तू खातोस ना ती?"

"खातो. आणि माझ्या पोराचं वर्तमानपत्र कोणी बंद केलं, तेही विसरत नाही."

मग कोणीतरी म्हणालं, "देवानं थोडं आधी कळवलं असतं ना, तर घटनेत दुरुस्ती करून आणखी पाच वर्षं राहिला असता." सगळे हसले. बाबाही हसले. मग गावच्या प्रमुखाला शोभेलसा चेहरा करून म्हणाले, "पुरे. माणूस अजून घरात आहे."

त्यानंतर ठरवलं त्यांनीच — शवपेटीवर घालायला वाइतोआहून आलेली चटई न्यायची. आपल्याकडची सर्वांत बारीक विणीची. कोणी हरकत घेतली नाही. मी घ्यायला हवी होती. मी नारळाच्या दुधातले कंद वाढत राहिले.

बुधवार, ६ ऑगस्ट

ती चटई कशी आली ते मी कधी लिहिलं नाही. एकोणीस वर्षांत नाही.

पलीकडच्या बेटावर नवा धक्का बांधला होता. उद्घाटनाला आमच्या गावचा नाच ठेवला होता. लाऊती बोट चौदा मार्चला निघाली आणि खडकांच्या तोंडाशी उलटली. आमच्या गावची अठरा माणसं गेली. माझी धाकटी बहीण तासी त्यांत होती. सतरा वर्षांची. नाचासाठी केसांत माळायची फुलं ती रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून बसली होती.

तुइलागो किनाऱ्यावर आले होते. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी माणसं बाहेर काढली. तासीला त्यांनीच उचलून आणलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि हे खोटं होणार नाही, पुढे काहीही लिहिलं तरी.

बोटीचा कप्तान वाइतोआ गावचा इओसेफो. तोही बुडाला. चौकशीत दोष त्याचा निघाला — हवामान पाहून निघायला नको होतं.

मग जूनमध्ये एका पहाटे त्याचे वडील आमच्या दारात येऊन बसले. आपल्यात बसतात तसं. डोक्यावरून चटई पांघरून, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. आतल्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. बहुतेक घरं सूर्य वर यायच्या आत उचलतात. बाबांनी दुपारी तीनपर्यंत उचलली नाही. ऊन मी म्हणत होतं. आई छत्री घेऊन निघाली तर बाबा म्हणाले, "छत्री नाही." एवढंच. तीन वाजता ते बाहेर गेले, चटई उचलली, म्हाताऱ्याला हाताला धरून आत आणलं. त्याला उभं राहता येत नव्हतं.

चटई आमच्याकडे राहिली. तो म्हातारा त्याच वर्षी गेला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज जुनी लघुलिपीची वही काढली. ठेवली. उघडली नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

उघडली.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, म्हणून सरळ लिहिते. बोट बुडाल्यानंतर एप्रिलमध्ये सभागृहात चर्चा झाली. संध्याकाळी विरोधक सभात्याग करून गेले. पाच-सहाजण उरले होते, बाक रिकामे. तुइलागो बोलायला उठले. भाषण हातात नव्हतं. मी उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले. हातात कागदात गुंडाळलेले दोन नारळी पाव. एक मला दिला, एक स्वतः खायला लागले. म्हणाले, "पोरी, काल मी फार दमलो होतो. दमलेल्या माणसाचं सगळंच छापायचं असतं का?" मी म्हटलं, सदस्यांना किरकोळ दुरुस्त्या करता येतात. ते म्हणाले, "मग किरकोळच समज." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी सव्वीस वर्षांची होते. बहिणीला जाऊन महिना झाला होता, आणि तिला पाण्यातून आणणारा हात माझ्या डोक्यावर होता. मी ते गाळलं. मीच. त्यांनी खोडलं नाही, अध्यक्षांनी आदेश दिला नाही.

एकोणीस वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की गाळलं ते एकच वाक्य होतं — "चूक माझी आहे." आणि आपल्यात प्रत्येक प्रमुख असं म्हणतोच. कोणाची बकरी कोणाच्या बागेत शिरली तरी गावचा प्रमुख उठून म्हणतो, चूक माझी. ही रीत आहे, कबुली नाही. रीतीचं वाक्य गाळलं तर काय बिघडलं?

वहीत दोन वाक्यं आहेत. माझ्याच अक्षरात, स्पष्ट.

"इओसेफो निघायला तयार नव्हता. धक्क्यावर पाहुणे थांबलेत, निघ, असं मी त्याला सांगितलं."

"चूक माझी आहे" असं ते बोललेच नव्हते. ते वाक्य वहीत कुठेच नाही. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. ते मी घडवलं. आधी खरं वाक्य छापील वृत्तांतातून काढलं, मग स्वतःच्या डोक्यातूनही काढलं आणि त्या जागी झोप येईल असं दुसरं बसवलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

पुस्तिकेची पंचेचाळीस पानं झाली. शाळांवरचं भाषण. समुद्रहद्दीचं भाषण — मोठ्या देशाच्या वकिलाला ते म्हणाले होते, "तुमच्या नकाशात आम्ही ठिपके आहोत. पण ठिपक्यांना आया असतात." अजून वाचताना ऊर भरून येतो. तोच माणूस. तेच तोंड.

मी त्यांना पुसून टाकू शकत नाही. मला तसं करायचंही नाही. पण इओसेफोला मी पुसलं, ते मात्र किती सहज.

रविवार, १० ऑगस्ट

चर्चहून येताना बाबा म्हणाले, "उद्या वाइतोआला जाऊन ये. चटई पुढे देतोय, तर ज्यांची होती त्यांना कळवायला हवं. रीत आहे." म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. "तू शिकलेली आहेस. नीट बोलशील."

नीट!

सोमवार, ११ ऑगस्ट

होडीनं पाऊण तास. इओसेफोची बायको नीवा अंगणात केवड्याच्या पाती खरवडत बसली होती. केस पांढरे झालेत. मी कोण हे सांगितल्यावर उठली नाही, पण सरकून मला जागा दिली. नीरफणस भाजला होता, त्याचा अर्धा माझ्यापुढे ठेवला.

निरोप सांगितला. ती पात खरवडत राहिली.

"तुइलागोच्या पेटीवर?"

"हो."

"घाला. सासूबाईंनी तीन वर्षं विणली ती. आमच्या लग्नासाठी. चांगल्या माणसाच्या अंगावर पडते तेवढं बरं."

तिच्या बोलण्यात टोमणा आहे का ते मी शोधत होते. नव्हता. मग ती आपणहून बोलू लागली, शेजारणीशी बोलावं तशी.

"मामंजी त्या बोटीच्या चर्चेला सभागृहात गेले होते, तुला माहीत आहे? वरच्या गॅलरीत, खांबामागे. एकटेच. घरी आले ते पळतच म्हण ना. म्हणाले, 'सुटला ग आपला पोरगा. तुइलागोनं सगळ्यांसमोर सांगितलं — मी निघ म्हटलं म्हणून.' रात्रभर तेच. मी म्हटलं, उद्या गावाला सांगू. तर म्हणाले, 'नको. छापून येऊ दे. तोंडी सांगितलं तर बाप आहे म्हणून बोलतो म्हणतील. छापील दाखवू.'"

मी नीरफणसाकडे बघत होते.

"छापील आलं मे महिन्यात. मामंजींना वाचता येत नव्हतं. माझ्या थोरलीनं वाचलं, पहिल्या पानापासून. नाही सापडलं. पुन्हा वाचायला लावलं. नाही. मग त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, 'पुस्तकात नाही म्हणजे तो बोललाच नसेल. पोराच्या मायेनं मलाच भास झाला. मी एका भल्या माणसावर आळ घ्यायला निघालो होतो.' त्याची लाज वाटली बघ त्यांना. चौकशीचा निकाल आला तसे म्हणाले, चटई काढ."

तिनं पात बाजूला ठेवली.

"मरेपर्यंत कानावर विश्वास ठेवला नाही त्यांनी. कोणी काही सांगितलं की विचारायचे, असं म्हणालास ना नक्की? पोरं हसायची."

मी बोलायला हवं होतं. तिथंच, त्याच क्षणी. माझ्या तोंडातून निघालं काय, तर "होडी सुटेल, निघते." तिनं उरलेला नीरफणस पानात बांधून दिला. "तुझ्या वडलांना दे. त्यांना सांग, त्यांनी मामंजींना हाताला धरून आत नेलं ते आम्ही विसरलो नाही."

मंगळवार, १२ ऑगस्ट

पुस्तिकेत ती दोन वाक्यं घातली. तारीख, वेळ, आणि खाली टीप : मूळ वृत्तांतातून ही वाक्यं प्रतिवेदकानं गाळली होती. माझं नाव घातलं. अध्यक्षबाईंनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फेतू, त्यांना अजून मातीही मिळालेली नाही."

"इओसेफोच्या वडलांना मिळून एकोणीस वर्षं झाली," म्हटलं.

"अंत्यविधीनंतर बघू." पान त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या वाईट बाई नाहीत. मीही नव्हते.

मी ड्रॉवरवर भरवसा ठेवून बसणार का, हा प्रश्न. छापून येऊ दे म्हणून एकजण थांबला होता, त्याचं काय झालं ते मला आता माहीत आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट

सकाळी बाबांना सांगितलं. ओट्यावर, आई कपडे वाळत घालत असताना. पाव, डोक्यावरचा हात, वही, नीवा. काही वगळलं नाही. म्हणजे वगळलं नाही असं वाटतं. माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे.

बाबा एक्याऐंशीचे आहेत. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे तो बसला होता तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"तू खिडकीत उभी होतीस."

"हो."

मग ते जेवले नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास स्वतः जाऊन आतल्या खोलीतून चटई काढली, अंगणात पसरली आणि तिच्या कडेला बसून राहिले. आई म्हणाली, आत या, ऊन लागेल. त्यांनी हात हलवून तिला जायला सांगितलं. मी जवळ गेले तर म्हणाले, "त्यानं मला एकदाही वर मान करून पाहिलं नाही. मला वाटलं होतं, अपराधी आहे म्हणून."

उद्या राजधानीत अंत्यविधी. सगळ्या गावांचे प्रमुख हजर असतील. बाबा वाइतोआला येऊन बसले तर सालेआची जागा रिकामी दिसेल, आणि का ते दुपारपर्यंत सगळ्या बेटांना कळेल. नीवाच्या दारात मी एकटीच बसते, गुन्हा माझा आहे, असं म्हटलं त्यांना.

संध्याकाळी

बाबा मघाशी दारात आले. म्हणाले, "वाक्य तू गाळलंस. तीन वाजेपर्यंत मी बसवलं. चटई दोघांना पुरेल."

उद्या : छत्री घ्यायची नाही.