आंब्याखालची दशमुळी

उंब्रज
प्रिय क्रांती,

आधी बातमी सांगतो, मग ख्यालीखुशाली. दशमुळी फुलली! आज सकाळी दात घासत मागच्या दारी गेलो, तर आंब्याखालच्या अंधारात निळ्या फुलांचा तुरा. ब्रश तोंडात तसाच, आणि मी असा काही ओरडलो की शेजारच्या तानुबाई काठी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं साप निघाला. फूल बघून म्हणाल्या, "एवढ्याशा फुलापायी म्हातारीला पळवलंस व्हय रं?" पण बघत मात्र उभ्या राहिल्या बराच वेळ.

तू चैत्रात आटपाडीचं घर बंद करून लेकाकडे, ऋषिराजकडे पुण्याला कायमची जाणार, हे कळल्यापासून मी या फुलाची वाट बघत होतो. तुझ्या जाण्याआधी ते फुलावं एवढीच इच्छा होती. देवाला नवस बोललो नाही, पण बोलायचंच बाकी होतं.

दहावीच्या बॅचच्या मेळाव्याला सगळ्यांनी पेढे आणले आणि तू दशमुळीची कुंडी घेऊन आलीस, तेव्हाच मी ओळखलं की शाळेतली क्रांती काही बदललेली नाही. तुझे यजमान, गुरुजी, हयात होते तेव्हा तुम्ही दोघं कोयनेच्या खोऱ्यात शिकवत होता, तिथून आणलेलं हे रानातलं झाड. आटपाडीच्या उन्हात तू ते न्हाणीमागच्या सावलीत, धुण्याभांड्याच्या पाण्यावर बारमाही हिरवं ठेवलंस. मी हौसेनं फांदी मागितली, तू दिलीस. पलटणीतून घरी आल्यापासून मी ऊस सोडून दुसरं काही लावलेलं नाही. पाहुणीला चांगली जागा द्यावी म्हणून भर उन्हात सरी काढली, पाटानं पाणी सोडलं, वर युरियाचा डोस. फांदी कुजली. फोटो पाठवला तर तू लिहिलंस, "मानसिंग, ते जंगलातलं झाड हाय रं, कारखान्याला घालायचा ऊस न्हाई."

दुसरी फांदी आंब्याखाली लावली, तीही वाळली. तेव्हा तू, जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेली बाई, मला सांगतेस की मागून घेतलेली फांदी जगत नाही, ती चोरूनच न्यावी लागते! मी खूप हसलो आणि आटपाडीची बस धरली. आठवतं ना? तू चहाचा कप हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. "घे लवकर गड्या, मी काय जलमभर भिंत बघत ऱ्हाणार न्हाई." दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा दिलेला माणूस मी, पण एक फांदी मोडताना मागंपुढं बघत होतो. ती ओल्या रुमालात गुंडाळली आणि चहा न घेताच निघालो, कारण चोर कधी चहाला थांबतो का? बसमध्ये एकटाच हसत होतो. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं.

आता मी तिला फारसं काहीच करत नाही. पाचोळा झाडायचा नाही, हे तुझं म्हणणं पाळतो. अंगणात काडी पडलेली न खपणाऱ्या माणसाला हे किती जड जातं ते तुला काय सांगू! गेल्या रविवारी समीक्षा साताऱ्याहून आली होती. तिची आई गेल्यापासून लेक दर सुट्टीला बापाची झडती घ्यायला येते. मी पाणी घालत होतो. मागून विचारते, "आप्पा, कुणाशी बोलताय?" म्हटलं, झाडाशी. तर म्हणाली, "झाडाचं नाव क्रांती हाय व्हय?" मी झारी तिच्या हातात दिली आणि घरात निघून गेलो.

ती मागोमाग आत आली. मग मी सगळं सांगितलं. पोरगी रडेल असं वाटलं होतं, तर म्हणाली, "तुमी विचारा, न्हाईतर मीच फोन लावते." म्हणून हे पत्र. तू पुण्याचं कळवलंस तेव्हा मी 'लय भारी' असं उत्तर दिलं होतं, ते साफ खोटं होतं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. क्रांती, पुण्याला जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर आणि उंब्रजला ये. ऋषिराजला मी स्वतः जाऊन भेटेन, त्याच्या शंका ऐकून घेईन. भावकी चार दिवस बोलेल, मग उसाच्या तोडीच्या नादाला लागेल. तू म्हणजे सावलीतलं नाजूक फूल वगैरे काही मी म्हणणार नाही, तू कातळावरसुद्धा तगशील. तगत नाही तो मी. नाही म्हणायचं असेल तर फोनवर सांग, मी सावरेन. पण हो म्हणायचं असेल तर फोन करू नकोस. समोर येऊन सांग, त्या वेळी मला तुझं तोंड बघायचंय.

तुझाच,
मानसिंग