अर्ध्या फेऱ्याचं पाणी

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी दुसऱ्या वाक्याला आपली जुंपते. पत्रात निदान मला मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला!

बाबा, आमचं पोलाद अडीच दिवस नदीचा थेंबही न घेता निवलं! वसाहतीच्या मोऱ्यांचं पाणी गाळायचं, त्यातले क्षार काढायचे, तेच तापल्या पट्ट्यांवर फवारायचं, आणि कूलिंग टॉवरमध्ये निववून पुन्हा वर चढवायचं. मोरीच्या पाण्यानं कधी पोलाद निवतं का, असं विचारून तुम्ही मला सगळ्यांसमोर वेड्यात काढलं होतंत. निवतं! पहिली लाल पट्टी वाफ उडवत फवाऱ्याखालून गेली तेव्हा मी चाळिशीच्या बाईला न शोभणारी उडी मारली. मॅनेजरांनी पाहिली. पाहू देत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र टाकी तळाला गेली आणि नदीचा पंप लावावा लागला. सोमवारपासून सात दिवस नदीच्या पाण्याशिवाय चालवून दाखवायची शेवटची संधी आहे, नाहीतर माझ्या यंत्रणेला टाळं. मग दर उन्हाळ्यात नदी आटली की भट्टी बंद आणि चारशे माणसं घरी. ते दिवस कसे जातात हे तुम्हाला मी काय सांगू?

पाणी जातंय कुठे, म्हणून मी पाइपांना कान लावत फिरले. शेवटी पाळी बदलताना सापडलं. फोरमन पंपघरात आले, माझ्याशी बोलता बोलता, न बघताच, त्यांनी निचऱ्याच्या झडपेचं चाक अर्धा फेरा उघडलं आणि ते चहाला बसले. चहा संपला, चाक बंद. पुढच्या पाळीनंही तेच केलं, तिसरीनंही. का, असं विचारलं तर श्वास का घेता असं विचारल्यासारखे बघायला लागले. म्हणाले, मोठ्या साहेबांनी शिकवलंय, आधी खारं पाणी सोडायचं, मग चहा प्यायचा.

मोठे साहेब म्हणजे तुम्हीच. तुमच्या वेळी ते बरोबरच होतं, नाहीतर पाइप क्षारांनी बुजले असते. पण आता क्षार यंत्रच काढतं, आणि त्या चाकातून जातं ते कमावलेलं पाणी. मी समजावलं, पाटी लावली. माना डोलावतात, आणि माझी पाठ वळली की चाक फिरतं. कुलूप घातलं, तर तिन्ही पाळ्यांनी ते काढून, पुसून, माझ्या टेबलावर आणून ठेवलं. माझ्यावर राग नाही हो कुणाचा, तुमचा शब्द मोडवत नाही त्यांना.

मॅनेजरांना मी अजून कारण सांगितलेलं नाही. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. रुसून दादाकडे गेलात त्याला आठ महिने झाले, माझं तोंड बघणार नाही म्हणालात. नका बघू, पण सोमवारी सकाळच्या पाळीला पंपघरात या आणि त्या चाकाला हात लावू नका असं त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. इतकं पाल्हाळ लावलं ते एवढं एक वाक्य लिहायला जड जात होतं म्हणून: बाबा, तुमच्याशिवाय मला हे जमत नाहीये.

तुमचीच हट्टी,
धाकटी