चुलीतली काजळी

ओक्वामेट गाव, मॅसॅच्युसेट्सचा मुलूख
मक्याच्या काढणीचे दिवस, १६७५

माझ्या प्रिय किदियान,

तू निघू नकोस. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी वाच. रविवारी मालकिणीच्या घरची सगळी प्रार्थनेला गेली की मागच्या दाराने निघून चालत आपल्या घरी येणार, असा तुझा निरोप मर्सीबाईने तिकडे लोणी घालून येताना आणला आणि माझ्या हातातली अर्धी विणलेली टोपली खाली पडली. तीन वर्षं तुझी वाट बघणारी मी तुला येऊ नको म्हणून लिहिते आहे, यावरून काय ते ओळख.

गावाभोवती मैलावर खांब रोवले आहेत. आपल्यापैकी कुणी इंग्रजाची सोबत नसताना खांबापलीकडे दिसला तर ज्याला दिसेल त्याने गोळी घालावी, विचारायचं कारण नाही, असा हुकूम आहे. तो आधी त्यांच्या भाषेत वाचला, मग तुझ्या मामाला आपल्या भाषेत वाचायला लावला. वीस वर्षं ज्या तोंडाने त्याने गावच्या पोरांना बायबल शिकवलं, त्याच तोंडाने त्याने हेही वाचलं. मका खांबांपलीकडे उभा आहे. कणसं वाळली, पाखरं पोट भरून खातात आणि आम्ही इथून बघत बसतो.

मामाला वाटलं, आपल्याकडे कागद आहे. उन्हाळ्यात त्यांच्या कप्तानाने त्याला लिहून दिलं होतं, की हा माणूस आमचा मित्र आहे. मी अडवलं तर म्हणाला, "ताई, हे लोक एकवेळ माणसाला मानणार नाहीत, पण कागदाला मानतात." कागद छातीवर टाचून तो कणसं काढायला गेला आणि दुपारी खांदा धरून परत आला. मी जखम धूत होते तर म्हणतो, "कागदाला धक्का नाही लागला बघ. गोळीला वाचता येत नाही, एवढंच." तो हसला, मला काही हसू आलं नाही. आता ताप उतरलाय. डावा हात उचलत नाही, पण लिहायचा हात शाबूत आहे असं तोच सगळ्यांना सांगत फिरतो.

गोळी हॅलेटने घातली. होय, मर्सीबाईच्या नवऱ्याने, ओढ्यापलीकडच्या आपल्या शेजाऱ्याने. तुला त्याची डुकरं आठवतात ना, दर वर्षी कुंपण मोडून आपल्या शेतात जेवायला यायची? मामा त्यांना 'हॅलेटकडचे पाहुणे' म्हणायचा. तक्रार केली की हॅलेट टोपी काढून माफी मागायचा आणि पुढच्या आठवड्यात पाहुणे हजर. तरी तो वाईट माणूस नव्हता. त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात मर्सी बाळंतपणानंतर तापाने पडली, तेव्हा तो बर्फातून मूल घेऊन माझ्या दारात आला होता. एका बाजूला तू आणि एका बाजूला त्याचं पोर, असं मी दोन महिने पाजलं. त्याच माणसाने त्या दिवशी बंदूक रोखली. त्याची गवताची गंजी जळली, तेव्हापासून त्याला झोप नाही, पान हललं तरी बंदूक उचलतो, असं मर्सी सांगते. आपले समुद्रकाठचे लोक इंग्रजांशी लढायला उठले आणि त्याच्या लेखी आम्हीही तेच झालो. ख्रिस्ती होताना आम्ही कापलेले केस त्याला दिसत नाहीत, आमच्या प्रार्थना ऐकू येत नाहीत, फक्त चेहरा दिसतो.

आणि लढणाऱ्यांना फक्त कापलेले केस दिसतात. मागच्या पौर्णिमेला ते जंगलातून आले होते. म्हणाले, "इंग्रजांची कुत्री झालात, आता इंग्रजांचीच हाडं चघळा." जाताना पुरून ठेवलेलं धान्य उकरून नेलं. इकडे आड, तिकडे विहीर. मला भीती वाटते, किदियान. हे मी मामालाही सांगत नाही, तुलाच सांगते. दिवसाउजेडी पाणी आणायला जाते तेव्हा खांबाकडे पाठ करायला धीर होत नाही. उलटी चालत येते आणि अर्धं पाणी सांडतं. तू त्या खांबांकडे पळत येताना मला सारखी दिसतेस. लांबून तू त्यांना कुणाची मुलगी वाटशील, कुणास ठाऊक.

तुझा राग मला कळला. इंग्रजांच्या घरांत कामाला असलेले आपले जे लोक आहेत त्यांची चौकशी करायला शिपाई आले, आणि तुझी मालकीण सरळ म्हणाली, की हिचं कुणी नाही, आई कधीच मेली. तू मर्सीला म्हणालीस, "तिने आईला जिभेने मारलं. मी चौकात जाऊन सांगेन, माझी आई जिवंत आहे." बाळ, तसं करू नकोस. ज्यांचं गावात कुणी आहे, त्या नोकरांनाही गावकऱ्यांबरोबर नेणार आहेत, कुठे ते पुढे लिहिते. त्या बाईने तुला जन्मभर फरशी पुसायला ठेवायचं म्हणून खोटं सांगितलं असेल, की माया म्हणून, मला माहीत नाही. कशासाठीही असो, तिला खोटं पाडू नकोस.

तुला खोटं बोलता येत नाही हे मी जाणते. लहानपणी खोटं बोललीस की कान लाल व्हायचे. म्हणून तुला खोटं बोल असं सांगत नाही. तुझे वडील देवीच्या साथीत गेले तेव्हाचं आठवतं का? तू सात वर्षांची होतीस. आपण सुतकाची म्हणून चुलीतली काजळी तोंडाला फासून बसलो होतो आणि तू इतकी फासलीस की मामा रडता रडता म्हणाला, "ही तर हंडीपेक्षा काळी झाली." पाद्री ओरडला, तोंडं धुवा, ही जुनी रीत सोडा. आपण धुतली नाहीत. त्या दिवसापासून त्यांचं नाव माझ्या तोंडून ऐकलंस का कधी? गावात त्याच नावाचा दुसरा माणूस होता, त्यानेही आपलं नाव बदललं. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, कुणी विचारलं तर मान खाली घालून गप्प राहायचं. ही आपली रीत आहे, त्यात खोटं काही नाही.

आता जे लिहायचं राहिलं ते लिहिते. उद्या गाड्या येणार आहेत. सगळं गाव, म्हातारी, तान्ही, खांदा फुटलेला तुझा मामा, आम्हाला सगळ्यांना बंदरावर नेऊन होड्यांतून खाडीतल्या त्या उघड्या बेटावर सोडणार आहेत. तिथे हिवाळ्यात मेंढ्याही ठेवत नाहीत. बंदराचा रस्ता तुझ्या मालकिणीच्या दारावरून जातो. हे पत्र टोपलीच्या दुहेरी बुडात घालून मर्सी आजच लोण्याबरोबर घेऊन येईल. मी टोपली दिली तेव्हा ती माझा हात धरून बसली. पत्र वाचून झालं की चुलीत टाक. त्याची काळी राख आणि काजळी तोंडाला लाव आणि आम्ही जाऊ तेव्हा दारात उभी राहा. इंग्रजांना वाटेल, स्वयंपाकघरातली पोरगी, चूल फुंकून आली. मला कळेल की पत्र पोचलं आणि तू माझं ऐकलंस. मी मान वर करून तुला डोळे भरून बघेन. तू मला हाक मारू नकोस, ओळख दाखवू नकोस, काही झालं तरी पायरी उतरू नकोस. कुणी विचारलं, तुझी आई कोण, तर मान खाली घाल. म्हणूनच खाली नाव घालत नाही.

तुझीच